चीजचे वितळणे आणि न वितळणे

तव्यावर पनीराचा एक तुकडा आणि त्याच्या शेजारी मोझरेला चीजचा तेवढाच तुकडा ठेवून, आच मंद राखून, जो कोणी पाच-सात मिनिटे लक्षपूर्वक पाहील, त्यास दुग्धशास्त्रातील एक महत्त्वाचे रहस्य घरबसल्या पाहावयास मिळेल. पनीराला प्रथम किंचित पाणी सुटते, मग त्याचा तळ तांबूस होऊ लागतो, परंतु त्याचे चारही कोपरे अखेरपर्यंत शाबूत राहतात. उलट मोझरेलाच्या अंगावर आधी तुपाचे बारीक थेंब दिसू लागतात, मग कोपरे गोलावतात, मग तो तुकडा खाली बसतो, पसरतो आणि कालथ्याने उचलू गेल्यास लांबच लांब तारा सोडीत वर येतो. दोन्ही पदार्थ दुधाचेच, दोहोंतील मुख्य प्रथिन एकच, आणि स्निग्धांशही दोहोंत भरपूर. असे असता एकाने उष्णतेपुढे मान तुकवावी आणि दुसऱ्याने तिला मुळीच दाद देऊ नये, याचे कारण काय असावे? ज्यात लोणी अधिक ते अधिक वितळते, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु म्हशीच्या निर्भेळ, साईसकट दुधाचे पनीरही भाजीच्या उकळत्या रश्शात आपला आकार सोडीत नाही, एवढा एकच दाखला ती समजूत निकालात काढण्यास पुरेसा आहे. खरे कारण आम्ल आणि कॅल्शियम यांच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब एकदा ध्यानी आला म्हणजे चीजच्या शेकडो नावांचा जो बाऊ वाटतो तो आपोआप नाहीसा होतो, असे माझे ठाम मत आहे.

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन या जातीचे असून ते दुधात अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत असते. अशा एकेका कणात केसीनचे हजारो रेणू एकत्र नांदतात. त्यांना परस्परांशी बांधून ठेवणारा दुवा म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट हा क्षार, आणि कणाच्या बाह्यांगावर केसीनच्याच एका प्रकाराची अशी झालर असते की तिच्यामुळे हे कण एकमेकांना चिकटू शकत नाहीत व दूध प्रवाही राहते. निसर्गाचा हा बंदोबस्त मोडण्याचे दोन मार्ग मनुष्यास पुरातन काळापासून अवगत आहेत. पहिला मार्ग आम्लाचा: उकळीस आलेल्या दुधात लिंबाचा रस, आंबट दही अथवा व्हिनेगर घातले म्हणजे कणांतील कॅल्शियम विरघळून निवळीबरोबर निघून जाते, उघडी पडलेली प्रथिने एकमेकांना गच्च धरतात, आणि एरवी निवळीत राहून गेली असती अशी इतर प्रथिनेही उष्णतेमुळे त्यांच्यात गुंतून पडतात. दुसरा मार्ग रेनेटचा: दूध पिणाऱ्या वासराच्या जठराच्या चौथ्या कप्प्यात कायमोसिन नावाचे जे विकर असते ते कोमट दुधात मिसळले असता कणांवरील झालर तेवढी नेमकी छाटली जाते, बाकीच्या रचनेस धक्का लागत नाही, कॅल्शियमचा दुवा जागच्या जागी राहतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळे दूध सुरीने कापता येईल इतके घट्ट होते.

पनीर पहिल्या मार्गाने जन्मास येते, जगातील बहुसंख्य चीज दुसऱ्या मार्गाने. आणि आगीसमोरची त्यांची वर्तणूक या जन्मकथेतच ठरून गेलेली असते. आम्लाने गोठलेल्या दुधात प्रथिनांची पकड इतकी घट्ट असते की तापविल्यावर ती सैल होण्याऐवजी अधिकच आवळते आणि आतील पाणी तेवढे बाहेर फेकते. रेनेटने गोठलेल्या दुधात प्रथिनांचे जाळे कॅल्शियमच्या दुव्यांनी जोडलेले असल्यामुळे पुरेशी उष्णता मिळताच ते ढिले होऊन वाहू शकते. मात्र त्यास एक अट आहे. चीज घडत असताना त्यातील जिवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल बनवीत असतात आणि हे आम्ल जाळ्यातील कॅल्शियम हळूहळू काढून नेत असते. कॅल्शियम फार शिल्लक राहिले तर जाळे ताठर राहते, फार निघून गेले तर ते ठिसूळ होते, आणि पीएच ५.२ ते ५.४ च्या आसपास, म्हणजे आंबटपणा मध्यम असताना, ते ताणण्यास व वितळण्यास सर्वांत अनुकूल असते. उष्णतेचे कामही दोन टप्प्यांत चालते. ३२ अंश सेल्सिअसच्या सुमारास दुधातील स्निग्धांश पातळ होतो, आणि म्हणूनच उन्हाळ्याच्या दुपारी ओट्यावर राहिलेल्या चीजला घाम फुटल्याचा भास होतो; प्रथिनांचे जाळे सुटावयास मात्र याहून पुष्कळ अधिक ताप लागतो, मऊ चीजला सुमारे ५५ अंश, चेडरसारख्या चीजला ६५ च्या आसपास, आणि वाळून कोरड्या झालेल्या पार्मिजानोसारख्या चीजला ८० अंशांहूनही थोडा अधिक.

या हिशेबाची दोन टोके पाहावयाची असतील तर पूर्व भूमध्य सागराच्या परिसरात जावे. ग्रीसचे फेटा हे मेंढीच्या दुधाचे चीज. त्यात बकरीचे दूध ३० टक्क्यांपर्यंत मिसळण्यास मुभा आहे. ते रेनेटनेच गोठवितात, पण पुढे त्यातील आम्ल इतके वाढू देतात आणि खारवणीत ते इतके मुरवितात की कॅल्शियमचा दुवा फारसा उरत नाही. परिणामी ते हाताने चुरता येते, जिभेवर आंबट-खारट लागते, आणि भट्टीत ठेवले तरी मऊ होते परंतु वाहत नाही. सायप्रस बेटावरील हलूमीची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. त्यात परंपरेने जिवाणूंचे विरजण घालीतच नाहीत, त्यामुळे आम्ल नाममात्र बनते आणि सारे कॅल्शियम आत राहते. शिवाय दाबून तयार केलेल्या वड्या स्वतःच्याच निवळीत ९० अंशांच्या वर शिजवून, मिठात घोळवून व पुदिन्याची पाने घालून घड्या घालतात. ही वडी तव्यावर तेलाच्या थेंबाविनाही खरपूस भाजता येते आणि चावताना दातांखाली किंचित कुरकुरते. फेट्यात आम्ल अधिक, हलूमीत आम्ल अत्यल्प. दोन्ही वितळत नाहीत, आणि कारणे मात्र परस्परविरुद्ध आहेत. इटलीचे रिकोटा हे तर मुख्यतः निवळी पुन्हा तापवून मिळविलेले असल्यामुळे त्याच्या वितळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सारण भरण्यासाठी आणि मिठाईसाठीच त्याची योजना करावी.

मोझरेलाची कृती पाहिली म्हणजे आम्लाचा तोल साधणे म्हणजे काय, हे प्रत्यक्ष दिसते. इटलीच्या दक्षिणेस कंपानिया प्रांतात म्हशीच्या दुधापासून हे चीज करण्याचा जुना शिरस्ता आहे. रेनेटने गोठलेले दूध कापून त्याचे दाणे निवळीतच काही तास पडू देतात. कारागीर मधून मधून त्यातला लहानसा गोळा काढून कढत पाण्यात बुडवितो आणि ओढून पाहतो. गोळा तुटला तर वेळ झालेली नाही. तो न तुटता चकचकीत होऊन लांबत गेला की आम्लता हव्या त्या अंशावर आली, अशी त्याची खातरजमा होते. मग सगळा गोळा कढत पाण्यात मळून, ताणून, घड्या घालून त्याचे गोळे तोडतात. या ताणण्याने प्रथिनांचे तंतू एका दिशेने मांडले जातात, आणि पिझ्झाचा तुकडा उचलताना निघणाऱ्या तारा याच मांडणीच्या खुणा होत. ताज्या मोझरेलात पाण्याचा अंश निम्म्याहून अधिक असल्याने त्याची चव गोडसर दुधाची, अगदी हलक्या आंबटपणाची असते, आणि ते कापून टोमॅटो व तुळशीच्या जातीच्या बेसिलच्या पानांबरोबर तसेच खावे हे उत्तम. पिझ्झावर घालावयाचे मोझरेला वेगळे, कमी पाण्याचे असते. ते तयार झाल्यावर एक ते तीन आठवडे थंडीत ठेवल्याखेरीज नीट वितळत नाही, कारण तेवढ्या अवधीत जाळ्यात मोकळे असलेले पाणी प्रथिनांत शोषले जाते व जाळे थोडे सैलावते. पिझ्झावर जे तपकिरी डाग पडतात त्यांचे श्रेयही जिवाणूंकडेच जाते: त्यांतील काही जाती दुग्धशर्करेतील गॅलॅक्टोज न वापरता मागे सोडतात, आणि ती शर्करा भट्टीच्या तापात प्रथिनांशी संयोग पावून रंग व खमंगपणा देते.

वितळणाऱ्या चीजचे खरे माहेर आल्प्स पर्वत. उन्हाळ्यात उंच कुरणांवर गुरे नेणाऱ्या गवळ्यांना तेथील दूध रोजच्या रोज खाली आणणे शक्य नव्हते, म्हणून ते वरच मोठाल्या तांब्याच्या कढयांत आटोपशीर पण दीर्घकाळ टिकणाऱ्या ढेपांत बंदिस्त करण्याची तजवीज झाली. एमेंटालची ढेप ७५ किलोपासून शंभर-सव्वाशे किलोपर्यंत भरते. तिला काही आठवडे उबदार कोठारात ठेवतात. तेथे प्रोपिऑनिक जातीचे जिवाणू लॅक्टिक आम्लावर उपजीविका करून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात, आणि लवचीक अंतरंगात त्याचे बुडबुडे अडकून ती सुप्रसिद्ध भोके पडतात. दूध हल्ली अतिशय स्वच्छ, झाकलेल्या यंत्रांनी काढले जाऊ लागल्यापासून ही भोके कमी का होत चालली, याचा शोध स्वित्झर्लंडच्या ॲग्रोस्कोप या सरकारी संशोधनसंस्थेने घेतला, आणि बादलीत पडणारे वाळल्या गवताचे सूक्ष्म कणच या बुडबुड्यांचे बीज होते असा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केला. धुळीच्या कणाने पदार्थाचे रूप घडावे, हा निसर्गाचा हिशेब मला फार मनोवेधक वाटतो. एमेंटाल गोडसर व सौम्य. ग्रुयेर हे त्याचे भावंड अधिक दाट, अधिक खारट, आणि अक्रोड-बदामाच्या जातीच्या खमंगपणाने भरलेले. ग्रुयेर किमान पाच महिने मुरविल्याखेरीज बाजारात येत नाही.

फाँड्यू हा पदार्थ याच प्रदेशाचा. मातीच्या वा बिडाच्या भांड्यात लसूण चोळून, आंबटसर पांढरी वाइन तापवून तीत किसलेले ग्रुयेर आणि त्याच्या जोडीला फ्रिबूर परगण्याचे मऊ वाश्रँ थोडे थोडे घालीत ढवळतात, आणि पावाचे तुकडे लांब काट्याला टोचून त्यात बुडवून खातात. वाइन येथे केवळ चवीसाठी आहे असे मानणे चुकीचे होईल. तिच्यातील टार्टारिक आम्ल कॅल्शियमला पकडून ठेवते, त्यामुळे प्रथिनांना पुन्हा गोळा होऊन लगदा बनविता येत नाही, आणि चमचाभर कॉर्नफ्लॉवर ती खबरदारी पक्की करते. वाइन वर्ज्य असेल त्या घरी पाण्यात अथवा दुधात लिंबाचा थोडा रस पिळूनही काम भागते. व्हॅले प्रांतात तर याहूनही साधी रीत आहे: राक्लेट चीजची अर्धी ढेप आगीसमोर धरावयाची आणि तिचा वितळलेला पृष्ठभाग सुरीने उकडलेल्या बटाट्यांवर ओढून घ्यावयाचा.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील चेडर या खेड्याच्या नावाने ओळखले जाणारे चीज आज पृथ्वीच्या पाठीवर जेथे जेथे इंग्रजी राज्य पोहोचले तेथे तेथे होते. निवळी काढून टाकल्यावर गोठलेल्या दुधाच्या लाद्या कापून त्या एकमेकींवर रचावयाच्या, पुन्हा उलटावयाच्या, पुन्हा रचावयाच्या, म्हणजे त्यांच्याच भाराने निवळी निघत जाते व आम्ल वाढत जाते. मग त्या लाद्यांचे तुकडे करून त्यांत मीठ मिसळावयाचे आणि साच्यात दाबावयाचे, ही त्याची विशेष कृती. एकोणिसाव्या शतकात जोसेफ हार्डिंग या सॉमरसेटच्या शेतकऱ्याने स्वच्छता, तापमान आणि आम्लता यांचे नियम बसवून तिला शास्त्राचे अधिष्ठान दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिधावाटपासाठी इंग्लंडमधील बहुतेक दूध एकाच ठोकळ सरकारी चेडरकडे वळविण्यात आले आणि त्यामुळे गावोगावची कितीतरी जुनी चीजे कायमची लोप पावली, ही हानी पाककलेच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे. कोवळे चेडर लोण्याच्या जवळचे, नरम आणि सहज वितळणारे; वर्ष-दीड वर्ष मुरलेले चेडर जिभेला झोंबणारे, गंधकाची छटा असलेले, दाट चवीचे. पण जसजसे ते मुरते तसतसे त्यातील विकर प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडीत जातात, आणि तुटक्या साखळ्यांना स्निग्धांश धरून ठेवता येत नाही. म्हणून जुने चेडर भाजलेल्या पावावर घातले की खाली रवाळ गोळा आणि वर तेलाचा तवंग अशी त्याची अवस्था होते. चवीसाठी जुने आणि वितळण्यासाठी कोवळे असे दोन्ही निम्मे निम्मे किसून मिसळणे, हा त्यावरचा साधा उपाय मी कोणासही निःशंकपणे सुचवीन.

पार्मिजानो रेज्जानोच्या बाबतीत मात्र वितळण्याचा विचारच बाजूस ठेवावा. उत्तर इटलीतील पार्मा, रेज्जो एमिलिया, मोडेना हे संपूर्ण जिल्हे आणि बोलोन्या व मान्तुआ यांचे ठरावीक भाग, एवढ्याच हद्दीत हे चीज करण्याचा अधिकार आहे. संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट भांड्यांत ठेवून त्यावरची साय काढतात, त्यात सकाळचे साईसकट दूध मिसळतात, आदल्या दिवशीच्या निवळीचे विरजण लावतात, आणि रेनेटने गोठलेले दूध तांदळाच्या कण्यांएवढे बारीक फोडून ५५ अंशांपर्यंत तापवितात. गाईंना मुरघास घालण्यास येथे सक्त मनाई आहे; ताजे वा वाळलेले गवतच चारावयाचे, कारण मुरघासातून येणारे जिवाणू महिन्यांनंतर ढेप आतून फुगवून फोडू शकतात. सुमारे ५५० लिटर दुधातून सुमारे ४० किलोंची एक ढेप निघते. ती मिठाच्या पाण्यात सुमारे तीन आठवडे बुडवून मग लाकडी फळ्यांवर किमान १२ महिने, आणि पुष्कळदा २४ वा ३६ महिने ठेवली जाते. मुदत भरल्यावर तपासनीस येतो. त्याच्या हाती लहानशी हातोडी असते, तो ढेपेवर ठिकठिकाणी ठोके मारीत कान देऊन ऐकतो, आणि आत कोठे पोकळी वा चीर असेल तर ती त्यास आवाजातच कळते. कसास उतरलेल्या ढेपेवर तापल्या लोखंडाने शिक्का उमटवितात; न उतरलेल्या ढेपेच्या सालीवरची ठिपक्यांची अक्षरे खरवडून टाकतात, म्हणजे ती त्या नावाने विकली जाऊ नये.

या दीर्घ मुरण्यात प्रथिनांचे इतके विघटन होते की त्यांतून सुटलेले ग्लुटामिक आम्ल जिभेला भरीव रुची देते, आणि टायरोसिनचे पांढरे कण दातांखाली मिठाच्या खड्यासारखे कचकन फुटतात, जरी ते मीठ मुळीच नसतात. हे चीज सुरीने कापू नये. आखूड, बदामाच्या आकाराच्या पात्याने त्याचे ओबडधोबड खडे फोडावेत, अथवा आयत्या वेळी किसून गरम पास्त्यावर, भातावर, सूपवर भुरभुरावे. त्याचे मोल लोकांनी पूर्वापार ओळखले आहे. बोकाच्चोने चौदाव्या शतकात आपल्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये किसलेल्या पार्मिजानोचा डोंगर कल्पिला; १६६६ साली लंडन शहर आगीत सापडले तेव्हा सॅम्युएल पीप्स या नौदल खात्यातील अधिकाऱ्याने वाइनबरोबर आपले पार्मिजानोही बागेत खड्डा खणून पुरले, अशी त्याच्या रोजनिशीत नोंद आहे; आणि आजही एमिलिया प्रांतातील क्रेडितो एमिलियानो ही पेढी चीज करणाऱ्यांना त्यांच्या मुरत असलेल्या ढेपा तारण घेऊन कर्ज देते व त्या ढेपा स्वतःच्या कोठारांत सांभाळते. दोन वर्षे पैसा अडकून पडावयाचा, आणि दूधवाल्याला तर दरमहा चुकते करावयाचे, अशा धंद्यात याहून शहाणपणाचा व्यवहार कोणता असेल?

बुरशीच्या चीजांविषयी आपल्याकडे जी शिसारी आहे ती समजण्यासारखी असली तरी ती दूर होणे इष्ट आहे. नॉर्मंडीचे कामाँबेर हे तर माझ्या विवेचनाला सर्वांत सुंदर पुष्टी देते, कारण ते विस्तवाशिवाय वितळते. त्याच्या पृष्ठभागावरील पांढरी बुरशी तेथील लॅक्टिक आम्ल खाऊन टाकते व अमोनिया निर्माण करते; साल कमी आम्ल होताच आतील कॅल्शियम सालीकडे सरकते आणि तेथे क्षार होऊन बसते; आतले जाळे दुव्यांवाचून पडते, आणि कडेपासून मध्याकडे, रोज थोडे थोडे, ठिसूळ पांढरे अंतरंग मऊ, पिवळसर व ओघळते होत जाते. नीट पिकलेल्या कामाँबेरला अळंबीचा गंध आणि लोण्याचा स्निग्धपणा असतो. अमोनियाचा दर्प नाकात भरला तर मात्र वेळ टळून गेली असे समजावे. दक्षिण फ्रान्समधील रोकफोर मेंढीच्या दुधाचे. कोंबालू डोंगराच्या भेगाळ गुहांतून सतत थंड, दमट हवा खेळते आणि तेथेच हे चीज मुरते; बुरशीला हवा मिळावी म्हणून ढेपेला सुयांनी आरपार छिद्रे पाडतात, व त्याच वाटांनी निळ्या-हिरव्या शिरा पसरत जातात. या गुहांत चीज मुरविण्याचा मक्ता रोकफोरच्या ग्रामस्थांकडे राहावा, अशी सनद फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याने १४११ साली दिली, आणि १९२५ साली फ्रेंच कायद्याने या नावाला संरक्षण लाभले. त्याची चव तिखट, खारट आणि शेवटी गोडसर. पेअर, अक्रोड वा मध यांच्या संगतीत ती खुलते, आणि गरम सॉसमध्ये चमचाभर चुरा ढवळला तरी सगळ्या भांड्यावर तिचा अंमल बसतो. साल वारंवार खारवणीने धुतलेली लिंबुर्गर, म्युन्स्टर यांसारखी चीजे वासाने उग्र खरी, परंतु ती उग्रता बहुतांशी सालीवरच्या जिवाणूंची असून आतील चीज सौम्य असते.

आता आपल्या घरोघरी ज्यास चीज म्हणतात त्याकडे वळावे. स्वित्झर्लंडमधील थून येथे वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ साली एमेंटालचा कीस सोडियम सायट्रेट घालून तापविला आणि थंड झाल्यावर टिकाऊ, एकजीव चीज मिळविले. सायट्रेट कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेते व त्याच्या जागी सोडियम देते; प्रथिने मोकळी होतात आणि स्निग्धांश व पाणी यांना सारखेच धरून ठेवतात. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट याने १९१६ साली प्रक्रिया केलेल्या चीजचे पेटंट मिळविले. आणंदच्या अमूल या सहकारी संस्थेने हे चीज म्हशीच्या दुधापासून भारतीयांपर्यंत पोहोचविले, आणि त्यामागचे कौशल्य लहान नव्हे. म्हशीच्या दुधात केसीन व कॅल्शियम अधिक, त्यामुळे ते रेनेटने लवकर आणि फार कडक गोठते, चीज कोरडे होते व मुरावयास वेळ घेते. मुंबईच्या सँडविचवाल्याच्या गाडीवर याच चीजचा डोंगर किसून पावावर रचतात आणि साच्यात दाबून भाजतात. ते तेल सोडीत नाही, लगदा होत नाही, आणि पुदिन्याच्या हिरव्या चटणीशी त्याचा खारट सौम्यपणा उत्तम जमतो. या कामी त्याची निवड अगदी योग्य आहे. तेवढ्या एका चवीवरून चीज या सबंध जातीची परीक्षा करणे तेवढे योग्य नव्हे. खरेदी करताना वेष्टनावरचा मजकूर अवश्य वाचावा: दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेला पदार्थ चीज नव्हे, आणि त्याच्या वितळण्यावरून कोणतेही अनुमान बांधू नये.

शाकाहारी वाचकांच्या मनात रेनेटविषयी शंका राहणे स्वाभाविक आहे. भारतात विकले जाणारे बहुतेक देशी चीज बुरशीपासून काढलेल्या अथवा जिवाणू-यीस्टकडून करवून घेतलेल्या विकराने गोठवितात आणि त्यावर हिरवा ठिपका असतो. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांत मात्र वासराच्याच रेनेटची सक्ती असल्याने ते शाकाहारी ठरू शकत नाही. पोर्तुगालच्या सेरा दा एश्त्रेला चीजमध्ये रेनेटऐवजी एका काटेरी झाडाच्या वाळल्या फुलांचा अर्क घालतात, आणि त्यामुळे त्यात हलकी कडवट छटा येते. पोर्तुगीजांच्या संपर्काची खूण बंगालमधील बंडेल चीजच्या लहान, धुरावलेल्या चकत्यांत अजून दिसते. मुंबईच्या पारशी घरांतले टोपली पनीर हे आम्लाने नव्हे तर रेनेटने गोठविलेले, वेताच्या छोट्या टोपल्यांत निथळविलेले, खारट निवळीत तरंगणारे, आणि खरवसासारखे थरथरते असते. आणि जम्मूकडची कलाडी तर ताणून घडविलेली असल्यामुळे कोरड्या तव्यावर स्वतःच्याच तुपात तळली जाते, बाहेरून तांबूस व आतून तारा सुटणारी. ज्यांना वाटते की भारतीयांना पनीराखेरीज काही ठाऊक नव्हते, त्यांनी उधमपूरच्या बाजारात जाऊन कुलच्यात घातलेली कलाडी एकदा खावी.

स्वयंपाकघरात पाळावयाचे नियम यातूनच निघतात. चीज थंड असतानाच बारीक किसावे, कारण कीस जितका बारीक तितका त्यास ताप थोडा वेळ पुरतो. सॉस विस्तवावरून उतरवून मगच त्यात कीस घालावा, उकळीत कधीही घालू नये, कारण अति तापाने प्रथिने आवळून पाणी व तूप दोन्ही सोडतात. मैद्याचा वा कॉर्नफ्लॉवरचा आधार आधी द्यावा. ताटात तसेच खावयाचे चीज मात्र तासभर आधी बाहेर काढून ठेवावे, थंडगार असताना त्याचा गंध उमटत नाही. कापलेले चीज मेणकागदात गुंडाळावे, प्लॅस्टिकमध्ये आवळू नये. पार्मिजानोची कडक साल उरली तर ती टाकू नये: डाळीच्या वा भाज्यांच्या सूपमध्ये ती तासभर मंद शिजू दिली असता आपली सारी रुची रसात उतरविते, स्वतः मऊ होते, वितळत मात्र नाही, आणि वाढण्यापूर्वी डावाने सहज बाहेर काढून घेता येते.